जुना हायवे, एक्स्प्रेसवे आणि एस्ट्रोजेन

माझं गाव चौक, असं सांगितलं की पुण्यातली मंडळी हमखास विचारतात, "कुठला चौक?" अरे बाबांनो, चौक हे गावाचंच नाव आहे! रायगड जिल्हा, तालुका खालापूर. पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे हायवेने खोपोलीकडे निघालात की डावीकडे इर्शाळगडाचं नेढं दिसतं, आणि जिथून कर्जतला फाटा फुटतो तेच आमचं गाव. एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला. त्याच्या आधी मुंबईहून पुण्याला जाणारं जवळजवळ प्रत्येक वाहन आमच्या नाक्यावरून जायचं. ट्रक थांबायचे, टायरवाले बसलेले असायचे, वडे तळले जायचे, आणि माणसं उतरून पाय मोकळे करायची. एक्स्प्रेसवे झाला आणि मुंबई तीच, पुणं तेच, गाड्याही त्याच, पण नाक्यावर काय होतं ते मात्र पार बदललं.

हे गावपुराण लावायचं कारण असं की गेले दोन महिने मी विकांताला एस्ट्रोजेनचा इतिहास वाचतोय. आणि जवळजवळ शंभर वर्षांचा तो इतिहास मला या दोन रस्त्यांसारखा दिसायला लागलाय. औषध तेच, पोचायचं ठिकाण तेच, पण वाटेत कुठला नाका लागतो त्यावर माणसाच्या पायात रक्ताची गुठळी होणार की नाही हे ठरतं.

वाचायला सुरुवात झाली ती दोन प्रिस्क्रिप्शन्समुळे. एक मावशीचं. तिची चाळिशीतच 'पिशवी' काढली आणि सोबत दोन्ही अंडाशयंही गेली. पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला दंडाला चोळायचं एस्ट्रोजेनचं जेल लिहून दिलं. मावशीचं म्हणणं, "हे काय क्रीमबीम? त्यापेक्षा गोळी का नाही देत?" दुसरं माझ्या ऑफिसातल्या एका सहकारी मैत्रिणीचं. ती पारलिंगी स्त्री आहे. चांगला डॉक्टर मिळायच्या आधी दोन वर्षं ती मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून खात होती, कारण ओळखीतल्या सगळ्या जणी तेच करत होत्या. डॉक्टरने पहिल्या भेटीत त्या बंद केल्या तेव्हा तिनेही जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. दोघी एकमेकींना ओळखत नाहीत. वयं, आयुष्यं सगळं वेगळं. पण प्रश्न एकच, आणि उत्तर एका ओळीत मावत नाही.

(नेहमीची सूचना: मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नव्हे. हे वाचून कुणी आपली औषधं बदलू नयेत.)

आधी नाका म्हणजे काय ते बघू. आपण जे गिळतो ते आतड्यातून शोषलं गेलं की थेट हृदयाकडे जात नाही. आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून आधी लिव्हरकडे जातं. लिव्हर प्रत्येक गोष्ट उघडून बघतं, मोडतं, बदलतं आणि मग पुढे सोडतं. एस्ट्रॅडिऑल, म्हणजे शरीरातलं मुख्य एस्ट्रोजेन, गोळीतून घेतलं तर शंभरातले साधारण पाचच भाग त्याच रूपात पुढे पोचतात. उरलेल्यातलं बरंचसं एस्ट्रोन नावाच्या कमजोर भावंडात बदलतं. म्हणून गोळीत मिलिग्रॅमच्या हिशोबात भरावं लागतं, म्हणजे गळतीनंतर पुरेसं उरतं.

इथवर नुसती नासाडी झाली, ती परवडली असती. खरी भानगड अशी की हा सगळा माल एकदम समोर आला की लिव्हर स्वतः उत्तेजित होतं. रक्त गोठवणारी प्रथिनं तयार करण्याचं काम लिव्हरचं असतं, आणि एस्ट्रोजेनचा लोंढा आला की ते ही प्रथिनं जास्त बनवायला लागतं. अंडाशयातून निघालेलं एस्ट्रोजेन असं कधीच येत नाही. ते आधी सगळ्या रक्तात मिसळतं आणि मग पातळ होऊन, इतर अवयवांइतकंच, लिव्हरपर्यंत जातं. जेल, पॅच किंवा सुईने दिलेलं एस्ट्रोजेन याच दुसऱ्या वाटेने जातं. एक्स्प्रेसवेने. (खालापूरला टोल आहेच म्हणा, तेव्हा उपमा फार ताणू नये.)

गंमत म्हणजे सुरुवातीच्या शास्त्रज्ञांना या नाक्याची फक्त नासाडीची बाजू दिसत होती. १९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉयझी आणि जर्मनीत आडोल्फ बुटेनान्ट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गरोदर बायकांच्या मूत्रातून एस्ट्रोन वेगळं केलं. पुढे डॉयझीने डुकरिणींच्या अंडाशयांतून एस्ट्रॅडिऑल काढलं. त्यासाठी चार टन अंडाशयं लागली आणि हाती आले काही मिलिग्रॅम. आता असा जीव टाकून मिळवलेला माल तोंडाने दिला तर लिव्हर तो खाऊन टाकणार! म्हणून १९३० च्या दशकात एस्ट्रॅडिऑल तेलात विरघळवून स्नायूत टोचायला सुरुवात झाली. एस्ट्रॅडिऑलला एक आम्लाची शेपटी जोडायची, की ते तेलात रमतं आणि हळूहळू सुटतं. शेपटी जितकी लांब तितका मुक्काम जास्त. १९५४ च्या सुमारास आलेलं एस्ट्रॅडिऑल व्हॅलरेट याच जातीचं. यातल्या काही इंजेक्शनांत तिळाचं तेल असतं आणि काहींत चक्क एरंडेल. आजीने पोटात दिलेलं एरंडेल आठवून मी उगाच तोंड वाकडं केलं :)

सुईची अडचण तिचा आलेख पाहिला की कळते. टोचल्यावर एक-दोन दिवसांत पातळी टोकाला जाते, मग उतरत उतरत पुढच्या सुईच्या आदल्या दिवशी तळाला. करवतीच्या दात्यांसारखा. ज्यांनी सर्व्हरचा लोड बघितलाय त्यांना सरासरी ठीक असूनही टोकाला काय होतं ते सांगायला नको. म्हणून १९३० च्याच दशकात ब्रिटनमध्ये उलटा प्रयोग झाला. एस्ट्रोजेनची घट्ट दाबलेली बारीक वडी कातडीखाली पुरायची, ती महिनोन्महिने विरघळत राहते. १९३८ मध्ये लंडनला पी. एम. एफ. बिशप यांनी एका रुग्ण स्त्रीवर ते करून पाहिलं. कल्पना चांगली, पण एकदा पुरलेली वडी नको वाटली तर काढणं सोपं नाही. आणि नंतर असंही दिसलं की काही बायकांना रक्तातली पातळी चांगली चढलेली असतानाच पुन्हा त्रास सुरू होतो आणि त्या पुढची वडी लवकर मागायला लागतात.

डॉक्टरांना आणि कंपन्यांना खरं हवं होतं ते गिळता येणारं एस्ट्रोजेन. १९३८ मध्ये ते एकदम दोन ठिकाणी सापडलं. लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल (डीईएस) बनवलं. दिसायला स्टेरॉइड नाहीच, काम मात्र एस्ट्रोजेनचं. पेटंट घेतलं नाही, त्यामुळे स्वस्त, आणि जगभर सगळ्यांनी बनवलं. गर्भपात टाळण्यासाठी म्हणून ते लाखो गरोदर बायकांना दिलं गेलं, आणि १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की त्या बायकांच्या मुलींना तरुणपणी योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग होतोय. तो एक वेगळाच, काळा अध्याय आहे.

दुसरं सापडलं बर्लिनला, शेरिंग कंपनीत. हान्स इनहॉफेन आणि वाल्टर होलवेग यांनी एस्ट्रॅडिऑलच्या सतराव्या कार्बनवर एक छोटा एथिनिल गट बसवला. लिव्हर ज्या कडीला हात घालून हा रेणू उघडतं, त्या कडीलाच कुलूप घातलं म्हणा ना. याचं नाव एथिनिलएस्ट्रॅडिऑल. मिलिग्रॅम सोडा, मायक्रोग्रॅममध्ये काम करायला लागलं. इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर फार देखणा उपाय आहे. पण त्यात पुढची सगळी गोम आहे. लिव्हरला मोडता न येणारा माल लिव्हरमध्येच जास्त वेळ घुटमळतो आणि गोठवणारी प्रथिनं बनवायला लावत राहतो. इतका, की हेच एथिनिलएस्ट्रॅडिऑल तोंडाऐवजी दुसऱ्या वाटेने दिलं तरी लिव्हरवरचा परिणाम फारसा टळत नाही. एक्स्प्रेसवेने पाठवलेला ट्रक उलटा फिरून पुन्हा पुन्हा आमच्या नाक्यावर येऊन उभा राहावा तसं. म्हणजे रस्ताही महत्त्वाचा आणि गाडीही. "गोळी वाईट, जेल चांगलं" असं सरळसोट म्हणता येत नाही ते यामुळे. एस्ट्रॅडिऑलची गोळी आणि एथिनिलएस्ट्रॅडिऑलची गोळी यांत बरंच अंतर आहे.

मधल्या काळात घोडीच्या मूत्रातून काढलेलं प्रीमॅरिन आलं, १९४१ मध्ये कॅनडात आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत. पाळी गेलेल्या बायकांसाठी पुढची साठ वर्षं तीच गोळी चालली. आणि कंदांतून स्टेरॉइडं बनवायची युक्ती रसेल मार्कर यांनी मेक्सिकोत शोधली. आपल्या ठाकर-कातकरी बाया थंडीत बाजारात करांदे विकायला आणतात ना, त्याच कुळातला तिथला रानकंद. त्यातल्या डायोस्जेनिनपासून कारखान्यात हॉर्मोन बनतं, माणसाच्या पोटात बनत नाही. तेव्हा 'वाइल्ड याम' लिहिलेली नैसर्गिक हॉर्मोन क्रीम विकणाऱ्यांपेक्षा करांदे उकडून मीठ लावून खावेत, ते चवीला तरी बरे लागतात.

१९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळाली. १९६१ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये फुप्फुसातल्या गुठळीची पहिली नोंद छापून आली. दशक संपता संपता ब्रिटनमध्ये आकड्यांवरून स्पष्ट झालं की जास्त एस्ट्रोजेनच्या गोळ्यांत गुठळ्या जास्त, आणि ५० मायक्रोग्रॅमच्या वरच्या गोळ्या टाळा असा सल्ला तिथल्या डॉक्टरांना गेला. ५० हा आकडा लक्षात ठेवा.

कारण तो आपल्याकडेही येतो, आणि तो किस्सा आपल्या पिढीला फारसा माहीत नाही. १९७०-८० च्या दशकांत भारतात 'ईपी' नावाने ओळखली जाणारी जास्त मात्रेची एस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन औषधं सर्रास विकली जात. गोळ्याही आणि इंजेक्शनंही. उपयोग काय? तर पाळी चुकली की दिवस गेलेत का हे बघायला! औषध घेतल्यावर रक्तस्राव झाला तर गरोदर नाही, नाही झाला तर आहे. बऱ्याच बायका ती गर्भ पडेल या आशेने घेत, आणि त्याने गर्भ पडत नसे. गर्भावर परिणाम होण्याच्या शंकेमुळे परदेशांत हा वापर बंद होत गेला होता. ब्रिटनमध्ये अशीच एक गोळी १९७८ मध्ये बाजारातून गेली. आपल्याकडे औषध नियंत्रकांनी १९८२ मध्ये बंदीचा निर्णय घेतला, तर कंपन्या उच्च न्यायालयांत गेल्या आणि स्थगिती घेऊन विकत राहिल्या. स्त्री-संघटना आणि मेडिको फ्रेंड सर्कलसारखे डॉक्टरांचे गट मागे लागले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८७ मध्ये मुंबईसह चार शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या. औषधावर जाहीर सुनावणी! आज कल्पना तरी करवते का?

शेवटी बंदी आली. तिच्या अधिसूचनेची भाषा मला फार आवडली, कारण ती कोडसारखी नेमकी आहे. गर्भनिरोधक गोळ्या वगळून, ज्या मिश्रणाच्या एका गोळीत एथिनिलएस्ट्रॅडिऑलच्या हिशोबाने ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त एस्ट्रोजेन आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रोजेस्टिन आहे ती बंद. आणि कृत्रिम एस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन मिश्रणाची इंजेक्शनं तर सगळीच बंद. गोळी आणि सुई यांना दोन वेगळे नियम. म्हणजे औषध शरीरात कुठल्या वाटेने आणि किती जातं, या प्रश्नाला भारतीय कायद्याने १९८० च्या दशकात हात घातला होता. फक्त तो गरोदर असण्याची शक्यता असलेल्या बाईच्या संदर्भात.

जिच्याबद्दल कुणी विचारच करत नव्हतं ती होती हिजडा समाजातली स्त्री. त्याच दशकात टीव्हीवर माला-डीची जाहिरात घरोघरी पोचली. माला-डीच्या पाकिटात २८ गोळ्या. त्यातल्या २१ हॉर्मोनच्या, प्रत्येकीत ३० मायक्रोग्रॅम एथिनिलएस्ट्रॅडिऑल, आणि ७ नुसत्या लोहाच्या. गर्भनिरोधासाठी हिशोब चोख आहे. पण ज्यांना शरीर बाईसारखं व्हावं असं वाटत होतं आणि ज्यांना दवाखान्याच्या दारातूनच हाकललं जायचं, त्यांच्या हाती लागलेलं एकमेव एस्ट्रोजेनही हेच. स्वस्त, चिठ्ठीशिवाय मिळणारं, कुणी काही न विचारणारं. एका गोळीने फरक दिसत नाही म्हणून दोन, मग तीन. माझ्या मैत्रिणीने तिचा हिशोब सांगितला तेव्हा मी मनातल्या मनात गुणाकार केला: तिना ३०, ९० मायक्रोग्रॅम रोज. शिवाय त्यातलं दुसरं औषध, लेव्होनॉर्जेस्ट्रेल, स्वभावाने थोडं पुरुषी हॉर्मोनकडे झुकणारं. म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने थोडं काढून घ्यायचं.

९० मायक्रोग्रॅमने काय होतं हे शोधायला ॲम्स्टरडॅमला जावं लागतं. तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात पारलिंगी स्त्रियांना बरीच वर्षं रोज १०० मायक्रोग्रॅम एथिनिलएस्ट्रॅडिऑल, जोडीला सायप्रोटेरोन, असं रीतसर दिलं जायचं. नोंदी नीट ठेवल्या होत्या म्हणून विदा हाती आला. १९८९ च्या अहवालात गुठळ्यांचं प्रमाण अपेक्षेच्या ४५ पट निघालं. १९९७ मध्ये ८१६ जणींच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात ते २० पट होतं. मधल्या काळात त्यांनी चाळिशीपुढच्या रुग्णांना कातडीतून जाणारं एस्ट्रॅडिऑल द्यायला सुरुवात केली होती आणि त्या गटात गुठळी अगदी विरळा दिसली. मग २००३ मध्ये त्यांच्याच एका अभ्यासात रक्ताची चाचणी करून कारण सापडलं. एथिनिलएस्ट्रॅडिऑल गिळणाऱ्यांच्या रक्तात गोठण्याचा ब्रेक नीट लागत नव्हता, एस्ट्रॅडिऑल घेणाऱ्यांच्या रक्तात तो बराचसा शाबूत होता.

थोडक्यात, ॲम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी जे तपासण्या, नोंदी आणि देखरेखीसह करून "हे धोक्याचं आहे" म्हणून सोडून दिलं, जवळजवळ तेच आपल्याकडच्या मुली कुठल्याही तपासणीविना करत होत्या. आणि अजूनही कितीतरी करतायत.

कातडीची वाट तोपर्यंत खुली झाली होती. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात जेल आलं. अल्कोहोलात विरघळवलेलं एस्ट्रॅडिऑल, दंडावर किंवा मांडीवर चोळायचं, वाळू द्यायचं. अमेरिकेत १९८६ मध्ये पॅचला मान्यता मिळाली, आठवड्यातून दोनदा बदलायचा. पॅचचा आलेख सुईच्या मानाने कितीतरी सपाट. पण पॅचची कल्पना ज्यांनी काढली त्यांनी मे महिन्यातलं पनवेल स्टेशन बघितलं नसावं. घामाने चिकटपट्टीच सुटते. माझं आपलं मत असं की आपल्या हवेला जेल जास्त सोयीचं. त्यालाही पथ्य आहे: वाळायच्या आत लहान मूल अंगाशी आलं तर त्याच्या कातडीलाही लागतं. योनीमार्गातली कमी मात्रेची क्रीम्स हा आणखी वेगळा प्रकार. ती तिथल्या कोरडेपणापुरती असतात, सगळ्या शरीरासाठी नव्हेत.

पाळी गेलेल्या बायकांच्या बाबतीत हा धडा उशिरा आणि उलट्या क्रमाने मिळाला. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतली 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' ही मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली. १६,६०८ बायका, सरासरी वय ६३, औषध प्रीमॅरिनच्या जातीचं एस्ट्रोजेन आणि एक कृत्रिम प्रोजेस्टिन. स्तनाचा कर्करोग थोडा जास्त, पक्षाघात जास्त, गुठळ्या दुप्पट. जगभर बायकांनी आणि डॉक्टरांनी हॉर्मोनं सोडून दिली. सगळी हॉर्मोनं, सगळ्या वाटांची. चाचणी मात्र एकाच वाटेची होती: गोळी.

पुढच्याच वर्षी फ्रान्समधून उत्तर आलं. तिथे जेल आणि पॅच आधीपासून रुळलेले होते, त्यामुळे तुलना करता आली. पिएर-इव्ह स्काराबाँ यांच्या गटाच्या 'एस्थर' अभ्यासात गोळी घेणाऱ्यांत गुठळीची शक्यता न घेणाऱ्यांच्या ३.५ पट आणि कातडीतून घेणाऱ्यांत ०.९ पट, म्हणजे न घेणाऱ्यांइतकीच. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या गुठळीच्या सुमारे ८०,००० रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गोळीसाठी १.५८, कातडीसाठी ०.९३. आकडा लहान झाला, दिशा तीच राहिली. चिकित्सक वाचक म्हणतील की या निरीक्षणं आहेत, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. बरोबर आहे. पण डॉक्टर साधारणपणे धोका जास्त असलेल्या बाईलाच पॅच देतात, म्हणजे झुकतं माप असेल तर ते पॅचच्या विरुद्ध असायला हवं. तरीही पॅच निर्दोष सुटला.

आणि तशी चाचणी झालीसुद्धा, पण पुरुषांवर! प्रोस्टेटच्या कर्करोगात एस्ट्रोजेन उपयोगी पडतं हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं होतं. पुढे अमेरिकी माजी सैनिकांवरच्या चाचण्यांत डीईएसच्या गोळ्यांनी कर्करोगाचे मृत्यू कमी झाले आणि हृदयाचे वाढले, म्हणून ते औषध मागे पडलं. ब्रिटनने २००० च्या दशकात पॅच लावून तोच प्रश्न पुन्हा विचारला. १,६९४ पुरुष, चिठ्ठ्या टाकून दोन गट. २०२१ मध्ये निकाल आला: हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या त्रासात पॅचचा गट नेहमीच्या इंजेक्शनांच्या गटापेक्षा वाईट नाही. डीईएसने बदनाम झालेलं एस्ट्रोजेन दुसऱ्या वाटेने परत आलं. मला राग येतो तो याचा, की गर्भनिरोधकवाल्या बायका, सैनिक, ॲम्स्टरडॅमच्या पारलिंगी स्त्रिया, पाळी गेलेल्या बायका, या प्रत्येक गटाला तोच धडा जवळजवळ पहिल्यापासून शिकावा लागला. एकाची नोंदवही दुसऱ्याने उघडलीच नाही.

मावशीकडे परत येतो. पिशवी नसल्यामुळे तिला जोडीला प्रोजेस्टेरॉन लागत नाही. (गर्भाशय असेल तर लागतं, नाहीतर नुसत्या एस्ट्रोजेनने आतलं अस्तर वाढून कर्करोगाचा धोका होतो.) अंडाशयं काढली की एस्ट्रोजेन वर्षावर्षाने कमी होत नाही, ऑपरेशनच्या दिवशीच कोसळतं. चाळिशीत असं झालं तर पाळी नैसर्गिकरीत्या जायच्या वयापर्यंत एस्ट्रोजेन देणं हा हाडांसाठी आणि हृदयासाठी उपचार आहे, चैन नाही. पण महाराष्ट्रात किती जणींना तो मिळतो? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं तेव्हा शासनाच्या सर्वेक्षणात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. चर्चा झाली ती ऑपरेशनांची, आणि व्हायलाच हवी होती. ऑपरेशननंतरच्या तीस वर्षांत त्यांच्या हाडांचं काय, याची चर्चा मी तरी कुठे वाचली नाही.

मागच्या शनिवारी मी उत्सुकतेपोटी नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. गर्भनिरोधक गोळ्या? हव्या तेवढ्या. एस्ट्रॅडिऑल व्हॅलरेटची गोळी? "उद्या मागवून देतो दादा, चिठ्ठी आणा." जेल? "पनवेलला बघा." पॅच? "कसला पॅच, कंबरेचा का?" मालक सज्जन माणूस आहे. जे खपतं ते ठेवतो, आणि जे लिहून येतं तेच खपतं. इथून थोड्याच अंतरावर पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत मोठमोठ्या औषध कंपन्यांचे कारखाने आहेत, आणि फळीवर मात्र १९३८ चं एस्ट्रोजेन.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नालसा निकालात पारलिंगी व्यक्तींना त्यांची ओळख स्वतः ठरवायचा हक्क दिला. गौरी सावंत त्यातल्या एक याचिकाकर्त्या. २०१९ च्या कायद्यात हॉर्मोन उपचारांची सोय करणं ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिली आहे. २०२१ मध्ये हैदराबादला 'मित्र' नावाचं पारलिंगींसाठीचं क्लिनिक निघालं आणि मग पुण्यात आणि कल्याणलाही. कल्याण म्हणजे आमच्यासाठी फार सोयीचं: चौकाहून रिक्षाने कर्जत, आणि तिथून थेट लोकल. तपासण्या करून, रक्त बघून, कुठली वाट कुणाला हे ठरवणारे डॉक्टर. पैसा अमेरिकेच्या मदतीतून यायचा. जानेवारी २०२५ मध्ये ती मदत थांबवली गेली आणि तिन्ही क्लिनिकं बंद झाली. हैदराबादचं पुढे दुसऱ्या नावाने, टाटा ट्रस्टच्या आधाराने पुन्हा सुरू झालं. माझी मैत्रीण आता पुण्यातल्या एका खाजगी डॉक्टरकडे जाते. तिला ते परवडतं, कारण ती आमच्यासारखीच कोड लिहिते. तिला त्या गोळ्यांचं पहिलं पाकीट आणून देणारी तिची गुरुबहीण कर्जतच्या बाजूला राहते. तिच्या पोटरीवर गेल्या पावसाळ्यात सूज आली होती, ती आठ दिवस कुणाला दाखवली नाही.